घरच्या बोअरला मीटर : कोणता, कुठे आणि पुढे काय

बोअर, आड आणि घरगुती विहिरींतून किती पाणी उपसलं जातं, ते कसं मोजायचं, याबद्दल कोल्हापूर शहर आणि उपनगरांतल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बोअर आमच्या प्लॉटमध्ये, आमच्या पैशानं मारलेली आहे, खोली १९० फूट. वीजबिल आम्हीच भरतो. मग मीटर कशासाठी बसवायचा? आणि उद्या त्याच मीटरवर पाणीपट्टी लागली तर? (पाचगाव)

आधी पट्टीची भीती बाजूला ठेवू. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत पिण्यासाठी आणि घरवापरासाठी पाणी उपसणाऱ्या वैयक्तिक ग्राहकाला परवान्यातून सूट दिलेली आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास २०० फुटांपेक्षा जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलं आहे आणि अशा विहिरींवर निर्बंध आहेत. तुमची बोअर त्या आत बसते. आपण ज्या मीटरबद्दल बोलतोय तो तुम्ही स्वतः, स्वतःच्या वहीसाठी बसवायचा आहे.

आता ‘पाणी आमचं’ याबद्दल. आपल्याकडे खाली बेसॉल्टचा कातळ आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, सच्छिद्र थरांत आणि भेगांत. अशा खडकातून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या सुमारे २ टक्केच असतं. २५ एकरांची, म्हणजे साधारण १० हेक्टरची एक कॉलनी धरा. तिथं पाण्याची पातळी एक मीटर उतरली म्हणजे २,००० घनमीटर पाणी गेलं. त्या कॉलनीत १५० बोअर असतील आणि प्रत्येकीतून रोज ७०० लिटर उपसा होत असेल, तर रोजचा उपसा १०५ घनमीटर. बाहेरून काहीच पाणी आलं नाही तर १९ दिवसांत एक मीटर पातळी संपते. प्रत्यक्षात बाजूनं थोडं पाणी झिरपून येतं, शोषखड्ड्यांतून काही परत जातं, म्हणून वेग एवढा नसतो. पण मार्च ते मे या काळात भर कमी आणि उपसा जास्त, हे गणित चुकत नाही. भेगा एका प्लॉटच्या कुंपणापाशी थांबत नाहीत. तुमची बोअर चालू असताना शेजारच्या बोअरची पातळी खाली जाते आणि त्यांची चालू असताना तुमची.

पाचगाव, आर. के. नगरसारख्या चढावरच्या वस्त्यांत हे लवकर जाणवतं, कारण तिथलं पाणी उताराकडे सरकत राहतं आणि नदीचा आधार नसतो. कसबा बावड्यात नदीकाठच्या विहिरीला पंचगंगेच्या पातळीचा आधार मिळतो, तसा तुम्हाला मिळत नाही.

एवढं असूनही, नुसता मीटर बसवून पाणी वाचत नाही हे स्पष्ट सांगायला हवं. वाचतं ते आकडा वाचल्यावर. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर या प्रचलित मानकानं दिवसाला ६७५ लिटर लागतात. ताशी २,९०० लिटर देणारी मोटर हे पाणी १४ मिनिटांत काढते. बहुतेक घरांत मोटर लावून माणूस दुसऱ्या कामाला लागतो आणि टाकीचा ओव्हरफ्लो पडवीवर आदळू लागला की बंद करतो. ती ४० मिनिटं चालली तर १,९०० लिटर निघतात. हा फरक मीटरशिवाय दिसत नाही.

प्रश्न : एक एचपीची सबमर्सिबल आहे, वर सव्वा इंची पाइप येतो. प्लंबर म्हणतो, अर्धा इंची मीटर पुरेल, नळाला असतो तोच. दुकानदार एक इंची सांगतो. कोणता घ्यावा आणि कुठं बसवावा? (फुलेवाडी, उजळाईवाडी)

दुकानदाराचं बरोबर आहे. पण मीटर पाइपच्या मापावरून निवडत नाहीत, तो निवडायचा धारेवरून. म्हणून आधी धार मोजा. २०० लिटरचा बॅरल घ्या, त्यात २० लिटरच्या कॅननं दहा वेळा पाणी ओतून आतून रंगाची खूण करा. (काठोकाठ भरलेल्या बॅरलमध्ये २०० पेक्षा जास्त पाणी बसतं, म्हणून ही खूण लागतेच.) मोटर पाच मिनिटं चालू देऊन धार स्थिर झाली की खुणेपर्यंत बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर पाहा. समजा २५० सेकंद लागले. २०० भागिले २५० म्हणजे सेकंदाला ०.८ लिटर, तासाला २,८८० लिटर, म्हणजे २.८८ घनमीटर.

आता मीटरचं माप. ‘ब’ वर्गाच्या (हा अचूकतेचा वर्ग) नेहमीच्या मल्टीजेट मीटरचा, म्हणजे ज्यात पाण्याचे अनेक झोत चक्र फिरवतात त्याचा, नाममात्र प्रवाह (सतत सोसता येणारी धार) १५ मिमीला ताशी १.५ घनमीटर, २० मिमीला २.५ आणि २५ मिमीला ३.५ असतो. तुमची धार २.८८ असेल तर २५ मिमी, म्हणजे एक इंची मीटर. अर्धा इंची लावला तर तो त्याच्या कमाल मर्यादेजवळ, ताशी ३ घनमीटरच्या आसपास पळत राहतो. आतलं चक्र लवकर झिजतं, आणि त्या वेगाला मीटरमध्येच जवळपास १० मीटर उंचीइतका दाब खाल्ला जातो. मग धार कमी झाली, मोटर जास्त वेळ लागते, अशी तक्रार येते आणि दोष बोअरला दिला जातो. एक इंची मीटरमध्ये हाच तोटा अडीच मीटरच्या आत राहतो.

उलट फार मोठा मीटरही नको. मीटर लहान धारेला नीट मोजत नाही. २५ मिमीचा मीटर ताशी ७० लिटरच्या खाली भरवशाचा नसतो आणि २८० लिटरच्या वर गेल्यावरच दोन टक्क्यांच्या आत येतो. बोअरची धार त्याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे इथं अडचण नाही. पण कुणी ‘पुढंमागं लागेल’ म्हणून दोन इंची घेऊ नये.

प्रकार कोणता, तर कोरड्या डायलचा मल्टीजेट. त्याच्या आकड्यांच्या पेटीत पाणी शिरत नाही, म्हणून काच गढूळ होत नाही. पिस्टनचा मीटर बोअरला अजिबात घेऊ नका. बोअरमधून बारीक कच येतेच आणि पिस्टन तिथंच अडकतो. अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसल्यामुळे कच चालते, पण हवेचे बुडबुडे आले की तो गोंधळतो, महाग पडतो आणि बॅटरी संपली की बंद होतो. घरासाठी मल्टीजेट पुरे. घेताना डब्यावर आयएस ७७९ (पाण्याच्या मीटरचं भारतीय मानक) आणि आयएसआयची खूण बघा.

बसवायचा क्रम असा : बोअरच्या तोंडावरचा बेंड, मग एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, मग वाय गाळणी (इंग्रजी Y आकाराची, आत जाळी असलेली), मग २५ सेंटीमीटर सरळ पाइप, मग मीटर, त्यानंतर साडेबारा सेंटीमीटर सरळ पाइप, मग टी आणि तिला एक नळ, शेवटी बॉल व्हॉल्व्ह आणि टाकीकडे जाणारी लाइन. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप सोडायचा, असा हा हिशोब आहे. मीटरला लागूनच एल्बो लावला की पाणी आत गरगरत शिरतं आणि आकडा बिघडतो. जागाच नसेल तर मल्टीजेट थोडं कमी अंतरही सोसतो, पण निदान वीतभर सरळ पाइप तरी द्या. टीवरचा नळ पुढं दर वर्षी बॅरल भरून मीटर तपासायला लागतो. बसवताना तो टाळला तर नंतर पाइप कापावा लागतो.

मीटर आडवा आणि डायल आकाशाकडे हवा. भिंतीला जागा नाही म्हणून उभ्या पाइपवर किंवा कुशीवर लावलेला मीटर फिरतो खरा, पण चक्र एका बाजूनं घासतं आणि कमी दाखवू लागतं. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनं ठेवा. उलटा लावला तर आकडे मागे जातात. मीटर दोन युनियनमध्ये (पाइप न कापता सुटणाऱ्या जोडांमध्ये) ठेवा, म्हणजे दोन पान्यांनी सुटून हातात येतो. २५ मिमीच्या मीटरची लांबी साधारण २६० मिमी असते. तेवढ्याच लांबीचा, दोन्ही टोकांना आटे पाडलेला एक साधा पाइपचा तुकडा करून ठेवा. मीटर दुरुस्तीला गेला तर तो तुकडा जागेवर बसतो आणि घरचं पाणी थांबत नाही.

हा तुकडा सर्वांत आधी लागतो तो पहिल्या दिवशीच. नवीन फिटिंग झाल्यावर मीटर न लावता तुकडा लावून मोटर दहा मिनिटं चालवा आणि पाणी बाहेर सोडा. आट्यांचा कीस, टेफ्लॉन टेपच्या चिंध्या, सोल्व्हंट सिमेंटच्या गुठळ्या, सगळं वाहून जातं. नवा मीटर पहिल्याच आठवड्यात अडकला तर बहुतेक वेळा आत टेपचा धागाच सापडतो. टेप लावताना आट्याचा पहिला वेढा मोकळा ठेवावा, तो याचसाठी.

विजेची एक गोष्ट. काही जुन्या घरांत जीआय पाइपलाइनलाच अर्थिंग जोडलेलं असतं. तिथं प्लास्टिकच्या अंगाचा मीटर मध्ये आला की अर्थिंग तुटतं आणि पुढच्या नळाला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. पाइप कापण्याआधी वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या, मेन स्विच बंद ठेवा आणि मीटरच्या दोन्ही बाजूंच्या पाइपना तांब्याच्या वायरनं जोड द्या.

प्रश्न : मीटर बसवून वर्ष झालं. मे महिन्यात टाकी पूर्वीसारखी भरत नव्हती, पण मीटर मात्र जोरात पळत होता. असं कसं? (आर. के. नगर)

तुमच्या मीटरनं हवा मोजली. मल्टीजेटच्या चक्राला पाणी आणि हवा यांतला फरक कळत नाही. उन्हाळ्यात पातळी पंपाच्या तोंडापर्यंत उतरली की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो, नळातून फसफस आवाज येतो आणि धार तुटत तुटत येते. अशा वेळी चक्र पाण्यापेक्षाही वेगानं फिरतं. त्या महिन्याचा आकडा वहीत लाल शाईनं लिहा, तो खरा धरू नका.

पण मीटरपेक्षा मोठी काळजी मोटरची आहे. सबमर्सिबल मोटर पाण्यानंच थंड होते. ती कोरडी चालली की वाइंडिंग जळतं आणि मग उद्यमनगरात रिवाइंडिंगला न्यावी लागते. पॅनेलमध्ये ड्राय रन संरक्षण घाला. त्याआधी आजपासूनच एक सवय लावा : मोटर सलग न चालवता वीस मिनिटं चालवायची, चाळीस मिनिटं थांबायचं, पुन्हा वीस मिनिटं. भेगांतून पाणी परत यायला वेळ मिळतो आणि एकूण पाणीही जास्त मिळतं.

हवेची दुसरी वाट म्हणजे मोटर सुरू होतानाचा पहिला झटका. पंपावरचा फूट व्हॉल्व्ह किंवा एनआरव्ही गळका असेल तर मोटर बंद झाल्यावर उभ्या पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि पाइप हवेनं भरतो. पुढच्या वेळी ती सगळी हवा मीटरमधून जाते. मोटर बंद केल्यावर मीटरचा लाल काटा उलटा फिरताना दिसला तर समजा की टाकीतलं पाणी परत जातंय आणि एनआरव्ही धरत नाही. गळक्या एनआरव्हीमुळे विजेचा खर्चही दर वेळी वाढतो, कारण तेच पाणी तुम्ही दोनदा वर चढवता.

तिसरं कारण मीटरच्या जागेचं. मीटर गच्चीवर, टाकीच्या तोंडाशी लावला तर पाइप तिथं पूर्ण भरलेला नसतो, अर्धा पाण्यानं, अर्धा हवेनं वाहतो. मीटर नेहमी लाइनच्या सखल भागात हवा. पर्याय नसेल तर मीटरच्या जागी पाइपला खाली झोळ द्या आणि पुढं तो मीटरपेक्षा वर चढवा, म्हणजे मीटर कायम पाण्यानं भरलेला राहील.

याच्या उलट, मीटर हळूहळू कमी दाखवू लागला तर क्षारांचा थर शोधा. आपल्या भागात बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं आणि दोन-तीन वर्षांत चक्रावर पांढरट कवच चढतं. गाळणीची जाळी दर महिन्याला काढून धुवा, क्षार घट्ट असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. वर्षातून एकदा टीवरच्या नळानं खुणेचा बॅरल भरा. मीटर २०० ऐवजी १९६ ते २०४ दाखवत असेल तर उत्तम. १९० च्या खाली गेला तर उघडायची वेळ आली.

प्रश्न : शिवाजी पेठेतल्या आमच्या वाड्यात आड आहे, दगडी बांधणीचा. अर्धा एचपीची मोटर आहे, कधी पोहऱ्यानंही शेंदतो. आडाला मीटर बसवता येईल का? (शिवाजी पेठ)

मोटरच्या लाइनवर बसवता येईल, पण आडाला मीटर लागतच नाही असं आमचं मत आहे. आड स्वतःच मोजपात्र आहे.

आतला व्यास टेपनं मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५, हे झालं क्षेत्रफळ. व्यास दीड मीटर असेल तर १.७७ चौरस मीटर, म्हणजे पातळी दहा सेंटीमीटर उतरली की १७७ लिटर पाणी गेलं. व्यास दोन मीटर असेल तर दहा सेंटीमीटरला ३१४ लिटर, तीन मीटर असेल तर ७०७. काठावर एक ठिकाण ठरवून तिथं रंगाचा ठिपका द्या आणि दर वेळी तिथूनच मोजा. सुताराची टेप खाली सोडली तर वाऱ्यानं हलते, म्हणून टोकाला छोटं वजन बांधा आणि शेवटच्या हातभर भागाला खडू फासा. पाणी लागलं तिथपर्यंत खडू ओला होतो आणि पातळी मिलिमीटरपर्यंत वाचता येते.

यातून आणखी एक माहिती मिळते, ती मीटरही देत नाही. समजा सकाळी सहाला पाणी काठापासून ४.२० मीटरवर आहे. अर्धा तास मोटर चालवली, पाणी ५.१० वर गेलं. म्हणजे साठ्यातून ९० सेंटीमीटर, सुमारे १,६०० लिटर गेलं. अर्ध्या तासात झऱ्यांतून आलेलं शंभर-सव्वाशे लिटर धरलं तर उपसा १,७०० लिटर. आता मोटर बंद करून तासभर थांबा आणि पुन्हा मोजा. पातळी ३० सेंटीमीटर चढली असेल तर तुमच्या आडाचे झरे तासाला सुमारे ५३० लिटर देतात. हा आकडा जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात घ्या. मे महिन्यात तो २०० वर आला तर दिवसाला किती पाणी शेंदायचं ते त्या आकड्यानं ठरवायचं, टाकी किती मोठी आहे त्यावरून नाही.

एक सूचना जुन्या बांधणीसाठी. आड एकदम तळापर्यंत उपसू नका, विशेषतः पावसाळ्यात. भोवतालची माती पाण्यानं जड झालेली असते आणि आतलं पाणी अचानक गेलं की दगड आत ढकलले जातात.

प्रश्न : बोअरच्या तोंडातून पातळी दिसत नाही. घरच्या घरी ती कशी मोजायची? नुसता उपशाचा मीटर पुरणार नाही का? (कळंबा)

पुरणार नाही. मीटर सांगतो किती काढलं, पातळी सांगते किती उरलं. वहीत दोन्ही रकाने शेजारी शेजारी हवेत.

सोपी रीत हवेच्या नळीची. पंप पुढच्या वेळी दुरुस्तीला वर काढाल तेव्हा उभ्या पाइपाला सहा मिमीची प्लास्टिक नळी बांधून खाली सोडा. तिचं खालचं टोक पंपाच्या थोडं वर, उघडं ठेवा आणि ते जमिनीपासून किती फुटांवर आहे ते लिहून ठेवा. बोअर कॅपला भोक पाडून नळीचं वरचं टोक बाहेर काढा, त्याला टी लावा, एका तोंडाला सायकलचा व्हॉल्व्ह आणि दुसऱ्याला शून्य ते सात किलोचा दाबमापक. सायकलच्या पंपानं हवा भरत राहा. काटा एका जागी थांबला आणि आणखी हवा भरूनही पुढं जाईना, की नळीतलं सगळं पाणी बाहेर गेलं. एक किलो दाब म्हणजे १० मीटर, जवळपास ३३ फूट पाणी. नळी १५० फुटांवर असेल आणि काटा १.८ वर थांबला असेल, तर नळी ५९ फूट पाण्यात आहे आणि पातळी जमिनीपासून ९१ फुटांवर आहे. काटा थांबल्यावर हळूहळू मागे येत असेल तर जोडातून हवा गळतेय, साबणाचं पाणी लावून पाहा.

मोजायचं सकाळी, मोटर निदान आठ-दहा तास बंद असताना. मोटर बंद केल्यावर लगेच मोजलेली पातळी खोटी खोल दिसते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. तुम्हीही त्याच महिन्यांत घ्या, शिवाय मार्चपासून वळीव होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी.

मीटर बसवणं तूर्त शक्य नसेल तर पॅनेलमध्ये तास मोजणारा मीटर लावता येतो. तो कॉन्टॅक्टरच्या (पॅनेलमधल्या, मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) मोटरकडच्या बाजूला जोडायचा. पुरवठ्याच्या बाजूला जोडला तर मोटर बंद असतानाही चोवीस तास चालत राहतो, आणि ही चूक वारंवार होते. तास गुणिले बॅरलनं मोजलेली धार म्हणजे उपसा. मात्र पातळी उतरली की धारही उतरते, म्हणून धार दर महिन्याला नव्यानं मोजावी लागते. ऑक्टोबरची धार मे महिन्याला लावली तर हिशोब फुगतो.

प्रश्न : २४ फ्लॅटची सोसायटी, एक बोअर, तीन एचपी. महापालिकेचं पाणीही येतं. बोअरच्या खर्चावरून दर सभेत वाद होतो. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवावा का? (ताराबाई पार्क)

जुन्या इमारतीत ते जमणं कठीण आहे. एकाच फ्लॅटला स्वयंपाकघराचा, बाथरूमचा आणि संडासाचा असे तीन वेगळे पाइप गच्चीवरून उतरतात, म्हणजे फ्लॅटमागे तीन मीटर. शिवाय गच्चीच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला वरच्या मजल्यावर दाब इतका कमी असतो, की मीटरमुळे शॉवर बंद पडतो. तुम्ही दोनच मीटर बसवा : एक बोअरच्या लाइनवर, एक महापालिकेच्या पाण्यावर, जमिनीखालच्या टाकीत पडण्याआधी. खर्च माणशी वाटा. आकडे दर रविवारी जिन्यातल्या फळ्यावर लिहा. चार माणसांच्या हिशोबानं २४ फ्लॅटना दिवसाला १३ घनमीटर पाणी लागतं. दोन्ही मीटरांची बेरीज १८-२० येत असेल तर आधी जमिनीखालच्या टाकीचा बॉल कॉक आणि गच्चीचा ओव्हरफ्लो बघा, मग माणसांकडे वळा.

बोअरच्या मोटरला वेगळा वीजमीटर असेल तर एक घनमीटर पाण्याला किती युनिट लागले तेही लिहा. समजा ऑक्टोबरमध्ये ०.६ युनिट लागत होतं आणि फेब्रुवारीत ०.८ लागलं. पातळीही उतरलेली असेल तर कारण पातळीचं आहे. पातळी तीच असेल तर पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) झिजलाय किंवा खालचा पाइप कुठं तरी फुटून पाणी बोअरमध्येच परत पडतंय. हे मोटर जळण्याआधी कळतं.

प्रश्न : मीटर लावण्यापेक्षा छताचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर जास्त फायदा नाही का? (जरगनगर)

दोन्ही करा, पण आकडे पाहून. शहरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर शंभर चौरस मीटर छतावरून, वाया जाणारं वजा करून, ८०,००० लिटर मिळतात. रोज ७०० लिटर वापरणाऱ्या घराला वर्षाला अडीच लाख लिटर लागतात. म्हणजे छत तुमचा तिसरा हिस्साही भरून काढत नाही. उरलेलं पाणी मोजूनच वापरावं लागणार. आणि ऑगस्टमध्ये पातळी मोजल्याशिवाय पुनर्भरणाचा खर्च करू नका. भर पावसात तुमच्या बोअरचं पाणी दहा फुटांवर असेल तर खालचा खडक आधीच भरलेला आहे, तुम्ही सोडलेलं पाणी नाल्याकडे निघून जाईल. पातळी तेव्हाही साठ-सत्तर फुटांवर असेल तर मात्र जरूर करा, गाळणखड्डा घालून आणि पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून. गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडलेलं छताचं पाणी भेगा चिखलानं बुजवतं, आणि बुजलेली भेग पुन्हा उघडत नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीत पुराचं पाणी येतं. मीटर, बोअर आणि विहीर यांचं त्या वेळी काय करायचं? (शुक्रवार पेठ, शाहूपुरी)

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तुमच्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरतं हे घरात माहीत असतंच. ३९ ओलांडली की मीटरचा आकडा वहीत लिहा, युनियन सोडून मीटर काढा, जागेवर तुकडा बसवा. त्याच वेळी मोटरचा पुरवठा मेनमधून तोडा आणि पॅनेल वरच्या मजल्यावर घ्या. बोअर कॅपच्या वायरच्या भोकात रबरी बूच किंवा एम-सील घालून तोंड हवाबंद करा. केसिंग (बोअरच्या तोंडाचा बाहेरचा पाइप) जमिनीपासून निदान दोन फूट वर असावं, गल्लीत पाणी त्याहून चढत असेल तर पूर यायच्या आधीच्या उन्हाळ्यात ते वाढवून घ्या.

पूर ओसरल्यावर पहिलं गढूळ पाणी तुकड्यातूनच, मीटर न लावता, बाहेर सोडा. बोअर असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबत थांबत चालवा, विहीर असेल तर थोडी थोडी उपसा. पाणी निवळल्यावर ब्लीचिंग पावडर. नेहमीच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. दीड मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साठा ७,००० लिटर, म्हणजे १८ ग्रॅम. पुरानंतरचं पाणी घाण असल्यामुळे हे प्रमाण पुरत नाही, म्हणून वाढीव मात्रा आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याला विचारून घाला आणि क्लोरीनची तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्या. पावडर कोरडी टाकू नका. बादलीत पेस्ट करून पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीनं पाण्याखाली सोडा आणि वरखाली हलवा. निदान तासभर तसंच राहू द्या. बोअरचं आणि विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत प्यायला उकळूनच घ्या.

मीटर परत लावताना गाळणी धुऊन घ्या आणि जो आकडा काढताना लिहिला होता तोच डायलवर आहे ना ते पाहा. मधल्या दिवसांचा उपसा मोटरच्या मिनिटांवरून काढून त्याच पानावर वेगळा लिहा.